उसात ऐकणारं कोण

घोडनदीकाठची वस्ती,
तालुका शिरूर.

वरवंडच्या मारुतराव दाजींना धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे बबनचा, वाकून रामराम. आक्काला वेगळा नमस्कार (तुमच्या नमस्कारातच तिचा धरला तर ती पुढल्या दिवाळीपर्यंत बोलून दाखवते). तुमचा गुडघा आता कसा आहे? पाणी काढलं का तसंच आहे? कानाचं मी विचारत नाही, कारण कानासाठीच तर हे पत्र लिहायला बसलो. फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही पदरचं घालता. मागं मी म्हैस व्यायल्याची गोड बातमी दिली, तर तुम्ही मला धीर धर म्हणालात आणि स्वतःच रडायला लागलात. आक्कानं फोन हिसकावून घेतला म्हणून बरं, नाहीतर तुम्ही संध्याकाळच्या गाडीनं सांत्वनाला आला असता. म्हणून म्हटलं लिहावं. कागदाला ओरडावं लागत नाही.

तर विषय गाण्याच्या यंत्राचा. दिवाळीत तुम्ही आमच्याकडं आलात तेव्हा खिशात ते बोटाएवढं यंत्र होतं आणि दोन तारा कानात होत्या. ओसरीवर डोळे मिटून तुम्ही कीर्तन ऐकत होता आणि मधूनच एकटेच हसत होता. (आमच्या हिला, कस्तुराबाईला, वाटलं दाजींना काहीतरी झालं. तिनं गुपचूप तुमच्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या, हे तुम्हाला आज पहिल्यांदा सांगतो.) तुम्हीच तेव्हा म्हणालात, बबन, तूपण एक घे, माणसाला एकटं वाटत नाही. ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं, आणि पुढचं सगळं त्या वाक्यानं झालं. तुम्हाला दोष देत नाही, फक्त कळवतो.

यंदा आमच्या चहूबाजूंना ऊस उभा आहे आणि उसात ते आहे. तुमच्याकडं लोक त्याला सरळ बिबट्या म्हणतात. एकदाच लिहिलं, पुन्हा लिहिणार नाही, कारण कस्तुराबाई शेजारीच शेंगा फोडत बसली आहे आणि त्याचं नाव घेतलं की ते वस्तीवर येतं अशी तिची खात्री आहे. (लिहिल्यानंही येतं का, याबद्दल तिचं मत अजून ठरलेलं नाही.) वाकून काम करणारं माणूस त्याला चार पायांचं वाटतं आणि ते मानेवर येतं. म्हणून आमच्याकडच्या बाया हल्ली खिळ्यांचा पट्टा गळ्यात घालून गवताला जातात. मंगळसूत्र आत, पट्टा बाहेर. कस्तुराबाईनं पहिल्यांदा घातला तेव्हा मला हसू आलं आणि लगेच विरलं. इतकी वर्षं जिला गवताचा भारा डोक्यावर घेऊन येताना बघितलं, तिच्या गळ्याभोवती खिळे! आमच्या विश्वजीतचं म्हणणं असं, की म्हैस विकून टाका आणि शिरूरला माझ्या दोन खोल्यांत या. पोरगं काळजीनंच बोलतं. पण म्हैस विकायचा विषय निघाला की ही दोन दिवस जेवत नाही. मग ठरलं, की गवताला जायचं तर दोघांनी जायचं आणि आवाज करत जायचं. आवाज असला की ते लांब राहतं असं सगळे सांगतात. आता आवाज करायचा म्हणजे बोलायचं, आणि आमच्या संसाराला इतकी वर्षं झाल्यावर बांधावर उभं राहून नवीन बोलायचं काय? म्हणून यंत्र.

शिरूरला स्टँडजवळ बाळासोचं मोबाइलचं दुकान आहे. त्यानं काचेवर दहा-बारा यंत्रं मांडली आणि विचारलं, “आप्पा, कार्डवालं देऊ का ब्लूटूथ?” मी म्हटलं, आमच्या दाजींकडं आहे तसं दे. दिलं. कार्डात भजनं, गवळणी, भारुडं, हळदीची गाणी असं सगळं भरून दिलं आणि वर म्हणाला, आयुष्यभर ऐकली तरी संपायची नाहीत. (माझ्या वयाच्या माणसाला असं सांगणं बरं नव्हे.)

पहिल्या दिवशी आम्ही दोघं उसातल्या मधल्या बांधावर गेलो. एक तार हिच्या कानात, एक माझ्या. औताला जुंपल्यासारखे चाललो. ही वाकली की माझा कान ओढला जायचा आणि मी ताठ झालो की हिचा. पण भजन फार गोड लागत होतं, दाजी, खोटं कशाला बोलू. कितीतरी वेळ आम्ही मान डोलावत गवत कापलं. मग माझ्या कानातली तार निसटली आणि एकदम लक्षात आलं, की ज्यानं ऐकायचं त्याला काहीच ऐकू जात नाहीये, आणि त्याचं आम्हाला ऐकू येत नाहीये. भर उसात आम्ही दोघं पैसे देऊन बहिरे झालो होतो. (तुमच्याबद्दल नाही बोलत.) मागं वळलो. आमच्या भाऱ्याच्या शेजारचं गवत दबलेलं होतं, कोणीतरी बसून नुकतंच उठल्यासारखं. मी हात लावून बघितलं. ऊबदार होतं.

मनाशीच म्हटलं, ऊन लागलं असेल. तिथं सावली होती.

दुसऱ्या दिवशी यंत्र बदलून आणलं. हे अर्ध्या विटेएवढं, वर कडी, पुढं जाळी, आणि चालू केलं की लाल-हिरवा दिवा लुकलुकतो. आत एक बाई आहे. चालू करताना आणि बंद करताना ती इंग्रजीत काहीतरी म्हणते. कस्तुराबाईनं पहिल्यांदा पदर सावरून तिला हो म्हटलं. आवाज म्हणाल तर कॅनॉलच्या पलीकडं जातो. डबा बांधावर ठेवायचा, गवत कापायचं, पुढं सरकायचं, डबा पुढं घ्यायचा. तीन-चार दिवस झकास गेले.

मग उसात पाचट वाजायला लागलं. वारा पडलेला, भर दुपार, पान हलत नाही, आणि बाजूच्या सरीतून वाळलेल्या पाचटावर पाऊल पडल्याचा आवाज. आम्ही डबा घेऊन पुढं सरकलो की ते पुढं सरकायचं. आम्ही थांबलो की थांबायचं. मी एकदा डबा बंद केला, तर लगेच सगळं गप्प. चालू केला, तर दोन गाण्यांनी पुन्हा पाऊल. आमचं कुत्रं आधी बरोबर यायचं, ते त्या दिवसापासून वस्तीच्या फाटकाशीच बसायला लागलं. आणि एका दुपारी आतून हाक आली. बाईच्या आवाजात, बारीक, दमलेली. “ए, कोण हाय गं?” एकदाच.

तुम्हाला माहीतच आहे, दुपारी रानात एका हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तीनदा हाक मारतं. ज्याला एकदाच मारता येते ते माणूस नसतं. आमच्या आईनं शिकवलेलं, तिच्या आईनं तिला. आम्ही वाट बघत उभे राहिलो, विळे हातात. दुसरी हाक आलीच नाही. कस्तुराबाईनं डब्याचा आवाज वाढवला आणि आम्ही अर्धा भारा तिथंच टाकून घरी आलो. म्हैस रात्रभर ओरडली.

तरी दुसऱ्या दिवशी जावं लागलंच, म्हैस काय भुताखेतांचं ऐकून घेते? आता मी गाणी निवडून लावायला लागलो. भजन लावलं तर पावलं जवळ यायची. म्हटलं, हे भजनाला भीत नाही म्हणजे अवघड आहे. नव्या पोरांचं धांगडधिंग्याचं एक गाणं लावलं, तर पावलं लांब गेली (मलापण जावंसं वाटत होतं). एकदा गवळण संपली, डबा पुढच्या गाण्याआधी थांबतो तसा थांबला, आणि उसातून शेवटची ओळ कोणीतरी गुणगुणली. मधेच जीभ चावल्यासारखी तोडली. मला वाटलं हीच गुणगुणतेय, हिला वाटलं मी. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघितलं. दोघांची तोंडं मिटलेली. मग हळदीचं गाणं लागलं, आणि पाचटात बांगड्या वाजल्या. कस्तुराबाई माझ्या कानाशी लागून म्हणाली, “आवं, त्याला बांगड्या कुठनं आल्या?”

दाजी, त्या घटकेला मला ते स्वतः समोर आलं असतं तर बरं वाटलं असतं. त्याला निदान शेपूट असतं.

त्याच दुपारी मोठं भारूड लागलेलं असताना डब्यातली बाई इंग्रजीत काहीतरी म्हणाली आणि डबा मेला. बॅटरी संपली. आम्ही बरोबर मध्यात, दोन्हीकडं उसाच्या भिंती. इतकी शांतता, की हिच्या गळ्यातल्या पट्ट्याचे खिळे एकमेकांना लागल्याचं ऐकू यावं. आणि उसातून रडवेला आवाज आला, “बंद का केलं?”

मी देवाचं नाव घ्यायला लागलो, तेही आठवेना. पण ही बाई, दाजी, जी झुरळ बघून माझ्या नावानं ओरडते, तिनं विळा वर धरला आणि म्हणाली, “कोण हाय? माणूस असशील तर तीनदा बोल!”

आतून उत्तर आलं, “आधी तुम्ही बोला तीनदा! मी एकटी हाय!”

मग काय, भर उन्हात कस्तुराबाईनं आपलं नाव तीनदा घेतलं, मी माझं घेतलं (दुसऱ्यांदा चुकलो, पुन्हा पहिल्यापासून घ्यावं लागलं), आणि आतून “नकुशी, नकुशी, नकुशी” म्हणत पाचट झाडत एक बाई बाहेर आली. कॅनॉलपलीकडची नकुशी. तिच्या गळ्यात पट्टा, डोक्यावर शेळ्यांसाठी गवताचा भारा, आणि घामानं भिजलेली. मुलगा आणि सून कंपनीत जातात, बरोबर यायला कोणी नाही. आमचं भजन कानावर आलं तसं तिला वाटलं, आवाजाच्या आसऱ्यानं चालावं, म्हणजे ते जवळ येणार नाही. पहिल्यांदा तिनं हाक मारली. आम्ही ओ दिली नाही. आमचं कधी बोलणंही तिला ऐकू आलं नाही, नुसतं गाणंच बांधावरनं पुढं सरकत जायचं. तेव्हा तिनं ठरवलं, की ही माणसं नव्हेत. म्हणून दुसरी हाक मारली नाही. तरीपण रोज आमच्याबरोबर चालायची. मी म्हटलं, “बाई, भूत समजलीस तर मागं मागं का आलीस?”

“भजन म्हणणारं भूत चाललं असतं आप्पा,” ती म्हणाली. “ते नको.”

कस्तुराबाईनं तिथंच तिला मिठी मारली. दोघींचे पट्टे एकमेकांत अडकले. ते सोडवायला मला घटकाभर लागली आणि त्या दोघी हसून हसून रडल्या. आता तिघं मिळून जातो. त्या दोघी इतक्या बोलतात, की डबा लावला काय आणि न लावला काय. विश्वजीतला कळवलं, की आईला सोबत झाली, म्हैस राहू दे. तो हो म्हणाला. तेव्हा इकडची काळजी करू नये, सगळं सुरळीत आहे. आक्कानं पाठवलेल्या कुरडया अजून पुरवून खातो आहे. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा धाकटा,
बबन

ता. क. काळजी करू नये असं वर लिहिलं आहे, पण पंधरा दिवस राहायला याल का? खरं तर पत्र एवढ्यासाठीच होतं, लिहिताना लांबत गेलं. नकुशीच्या लेकीचं बाळंतपण आहे, ती केडगावला गेली आहे. पुन्हा आम्ही दोघंच उरलो. डबा हल्ली अर्ध्या दुपारीच मरतो. तुमचं साधं बोलणंसुद्धा त्या डब्यापेक्षा लांब जातं, हे आक्कापण कबूल करील. आणि दुसरं असं, की उसात जे काही वाजतं ते तुम्हाला ऐकू येणार नाही. आमच्यात एक तरी न भिणारा माणूस पाहिजे.

ता. क. आणखी एक. पाकीट चिकटवणारच होतो, पण लिहून टाकतो. पहिल्या दिवशी तारा आमच्या कानात होत्या, आवाज बाहेर नव्हताच, मग त्या दिवशी भाऱ्याशेजारी बसायला नकुशी कशाला येईल? तिला विचारलं होतं. आली नव्हती. आणि काल पुन्हा पाचट वाजलं. पावलं जड, बांगड्या नाहीत. मी डबा बंद केला, पावलं थांबली. मग कस्तुराबाई हळूच म्हणाली, “लावा पुन्हा. ऐकतंय ते.” मी गवळण लावली. ती संपेपर्यंत उसातलं एक पान हललं नाही. आम्ही गवत कापलं आणि घरी आलो.

निघालात की फोन करा. जास्त काही बोलू नका, नुसतं “निघालो” म्हणा. तीनदा म्हणा.