शेवटच्याची मूठ

५ फेब्रुवारी
अभयारण्याच्या फाटकावर नोकरी मिळाली! खोली लहान आहे, पण शेगडी छान तापते. काम सोपं. प्रत्येक बर्फगाडीच्या काचेवर यंदाच्या परवान्याची चिकटपट्टी बघायची, आखलेली वाट सोडू नका, गोठलेल्या तळ्यावर जाऊ नका असं बजावायचं आणि अंधार पडायच्या आत सगळे बाहेर आले की फाटकाला आडवी साखळी ओढायची. पोरं चेष्टा करतात. एकाने विचारलं, आजोबा, परवाना गाडीला लावू की कपाळाला? म्हटलं, कपाळाला लाव, तिथे जागा बरीच रिकामी दिसते.

बाहेर येताना प्रत्येक जण खूण करतो. मागे जितके असतील तितकी बोटं. पाच किंवा जास्त असतील तर उघडा पंजा. शेवटचा मूठ दाखवतो. मूठ दिसली की साखळी.

११ फेब्रुवारी
आमच्या साहेब, लोरेनबाई, विचारत होत्या की या वयात हे कशाला? शेगडीत लाकूड सारलं. माझा मुलगा कार्लो याच वाटेवर गेला. त्याच्या पुढच्या मित्राला वाटलं, आपणच शेवटचे. त्याने मूठ दाखवली. साखळी पडली, तेव्हाचा फाटकवाला घरी गेला. फाटक बंद बघून पोर तळ्यावरून निघालं असावं. बर्फ फुटलेलं दिसलं, तो सापडला नाही.
मी असेपर्यंत कुणी मागे राहायला नको. एवढंच.

३ मार्च
काल चौघे आले. शेवटच्या मुलीने मूठ नाही, एक बोट दाखवलं. वाट बघत बसलो. कुणीच आलं नाही. आज ती पुन्हा आली तेव्हा विचारलं. म्हणाली, काहीतरीच काय आजोबा, मूठच होती, चष्मा बदला!
चष्मा चांगला आहे.

१४ मार्च
आता रोजच. शेवटचा येतो, एक बोट वर. विचारलं की हसतात. लोरेनबाई रागावल्या. रानातल्या जनावरांनाही निजायचं असतं, पुन्हा साखळी उघडी दिसली तर दुसरा माणूस ठेवीन, म्हणाल्या. हो म्हटलं. ओढली नाही. लांबून इंजिन ऐकू येतं. कार्लोचं असंच खोकायचं.

२ एप्रिल
तळं पूर्ण मोकळं झालं. सगळं पाणीच. वाट बंद, परवाने बंद. उद्या मला निघायचं आहे. आज आत एकही गाडी सोडलेली नाही. तरी इंजिन — तळ्याकडून.

दिवा दिसतोय. साखळी ओढायची वेळ झाली. नाही ओढत.

तोच. काचेवर त्या वर्षाची पट्टी. अंगावरून पाणी गळतंय. खिडकीतून हाक मारली, ये रे बाळा, कॉफी गरम आहे. येत नाही. फाटकातच थांबलाय. गाडी आडवी लावून — साखळी पडू नये म्हणून —

हात वर करतोय. मूठ असू दे देवा, मूठ —

पंजा. पाचही बोटं उघडी.

मागे पाण्यावर दिवे. किती हे — पुढचा तर फाटकाशी —