गुडघ्याखालची गाठ

बा, आज वांगणीच्या बाईनं पायाचा अंगठा वर उचलला. नुसता अंगठा, तोही बोटभरच, पण मी दवाखान्यात अशी ओरडले की बाकावरची माणसं दारात येऊन उभी राहिली. तुला जाऊन बारा वर्षं झाली. तुझी पोरगी आता फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणजे तुझंच काम करते, फक्त पांढरा कोट घालून. आजची गोष्ट तुला सांगितल्याशिवाय मला जेवण जायचं नाही.

ही बाई तीन महिन्यांपूर्वी आली ती पाय फरफटत. वीटभट्टीवर दिवसभर उकिडवं बसून विटा थापायची. एके दिवशी उठली तर पाऊल लोंबायला लागलेलं, चप्पल पायात राहीना. घरचे म्हणाले, अंगावरून वारं गेलं. आमच्या डॉक्टरांना वाटलं, कमरेत नस दबली असणार, नाशिकला पाठवू, वेळ पडली तर ऑपरेशन. बाई रडायलाच लागली. "ताई, आमची हीर खाली दरीत हाय. हंडा घेऊन चढता नाय आलं तर मी घरात काय कामाची?" मी तिला पाऊल आत वळवायला सांगितलं. तिनं जोरात वळवलं! कमरेतली नस दबलेली असती तर तिथंही जोर कमी पडला असता. मग गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या अंगाला, बारीक हाडाच्या गाठीपाशी मी टिचकी मारली. "अगं आई गं, मुंग्या पार पावलावर गेल्या!"

त्या गाठीवर बोट गेलं आणि मी पोशेऱ्याला आपल्या ओटीवर पोचले. मी नऊ-दहा वर्षांची. झाडावरून पडलेला एक म्हातारा निजवलाय, नडगी मोडलीय. तू हाड बसवून बांबूच्या कामट्या लावतोयस आणि दोरीचं टोक माझ्या हातात आहे. मला वाटतं, जितकं आवळू तितकं हाड पक्कं. मी नेमका त्या गाठीवर सगळा जोर लावते आणि तू सगळ्यांदेखत खेकसतोस, "सोड! अक्कल चरायला गेली का तुझी? तिथं आवळलं का पाऊल मरतं!" मी फुगून चुलीपाशी जाऊन बसले. थोड्या वेळानं तू आलास, स्वतःचा पाय पुढं केलास, माझं बोट धरून गाठीखाली फिरवलंस. "लागला का दोरा?" लागला की! कातडीखाली एक दोरा इकडून तिकडं सरकत होता. "पाऊल उचलतो तो हाच. ह्याला दाबायचं नाय." म्हणून तू कामट्या लावताना गाठीच्या वर-खाली फडक्याच्या घड्या ठेवून ती मोकळी सोडायचास.

कॉलेजात ती नस मी सगळ्यांच्या आधी शोधली. तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, इतक्या चटकन कशी सापडली? मी म्हटलं, पुस्तकात वाचलं होतं. हाडं बसवणाऱ्याची पोर म्हणून हसतील, अशी भीती वाटली. लाजच वाटली, बा, सरळ सांगते.

डॉक्टर भला माणूस. नस कमरेत नाही, उकिडवं बसून त्या गाठीपाशी दबलीय, हे माझं ऐकून त्यांनी स्वतः पाय तपासला आणि नाशिक राहू दे म्हणाले. उकिडवं बसणं बंद केलं, पाऊल वर धरायला पट्टी दिली, रोज व्यायाम. पट्टी बांधताना गाठ मोकळी सोडली, हे वेगळं सांगायला नको. तीन महिने काहीच हललं नाही. आणि आज अंगठा! बाई हसत होती, रडत होती, पुन्हा पुन्हा उचलून दाखवत होती. डॉक्टरांनी विचारलं, "हे कुठं शिकलात?" 'पुस्तकात' हे ओठावर आलंच होतं. पण मी बाकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं, "माझ्या बापाकडं. पोशेऱ्यात हाडं बसवायचा तो." तर बाकावरचा एक म्हातारा उठला, सदऱ्याची बाही वर केली आणि हात सरळ करून डॉक्टरांच्या नाकासमोर धरला. "ह्यो त्यानंच बसवलेला. बघा, हाय का वाकडा?" तू असायला हवा होतास रे!

हे पत्र टाकणार कुठं, आणि तुला वाचता तरी कुठं येत होतं. तेवढ्याचाच मी एकदा फायदा घेतला. कॉलेजच्या फॉर्मवर बापाचा धंदा लिहायचा होता. काय लिहिलंस, म्हणून तू विचारलंस आणि मी म्हटलं, "हाडवैद्य." तू केवढा खूश झालास, सहीच्या जागी अंगठा दोनदा दाबलास. बा, मी तिथं 'शेती' लिहिलं होतं.