वापरणारे: शून्य

सोमवार
नवं शहर, नवी नोकरी आणि चक्क खिडकीजवळची खुर्ची! शहर कार्यालयाच्या सर्व्हरवरच्या सामाईक लायब्ऱ्या सांभाळायच्या, एवढंच काम. बायकोला समजावलं, दहा घरं एका नळावर पाणी भरतात ना, तसे दहा प्रोग्राम एकाच लायब्ररीवर चालतात; तो नळ मी बघायचा. ती म्हणाली, म्हणजे तू प्लंबर. पाच वर्षांच्या लेकीला तेवढंच हवं होतं. संध्याकाळभर तिनं मला प्लंबरकाका करून सोडलं.

शेजारच्या टेबलावर एक म्हातारे ऑपरेटर बसतात. जेवण झालं की टेबलावर डोकं टेकून वीस मिनिटं ढाराढूर. दोनला नातवाचा फोन येतो, तेव्हा त्यांचा लाडिक आवाज ऐकून अख्खी खोली गालात हसते.

बुधवार
ऑपरेटरांनी आज एक नियम बजावला. लायब्ररी काढण्याआधी तिची प्रत ठेवायचीच. चालू प्रोग्राम ती आपल्या मेमरीत धरून असतो, त्यामुळे काढली तरी त्याला पत्ता लागत नाही. बंद होऊन पुन्हा सुरू झाला की शोधायला जातो, आणि बोंबलतो.

एका कोपऱ्यात बिननावाची लायब्ररी दिसली. तिची तारीख सर्व्हरपेक्षाही जुनी. वापरणारे प्रोग्राम: शून्य. अडगळ पाहिली की माझे हात शिवशिवतात.

शुक्रवार, सकाळी दहा
काढून टाकली. प्रत ठेवली नाही. कुणी वापरतच नाही तर ठेवायची कुणासाठी?

साडेबारा
विचित्रच. काढलेली लायब्ररी अजून धरून असणारे: तीन लाख बारा हजार. आपले प्रोग्राम मोजून साठ! ऑपरेटर हसत म्हणाले, एवढी तर या शहराची वस्ती आहे. मग डोकं टेकून झोपले.

दोन वाजून दहा
नातवाचा फोन आला. त्यांनी तो माझ्या हातात दिला. म्हणाले, कुणाचं तरी पोर आहे, आजोबा आजोबा करतंय, चुकून लागला असेल. मला आधी थट्टा वाटली. पण ते मला ओळखतात, काम चोख करतात, घरचा पत्ताही आठवतो. फक्त आपलं माणूस आपलं वाटत नाही.
जो झोपून उठतो, तो शोधतो आणि त्याला सापडत नाही. आकडा उतरतोय. बायको रात्रपाळीची नर्स, ती सकाळपासून झोपली आहे —

चार
घरी धावलो, पण उशीर झाला. बायको उठून बसली होती. अदबीनं विचारलं, कोण हवंय आपल्याला? मग म्हणाली, ही मुलगी मला सोडतच नाही, हिच्या घरच्यांना कळवा ना. लेक तिच्या मांडीला मिठी मारून रडत होती. दुपारी झोपली नाही पोर. देवा, बरं झालं झोपली नाही.

सहा
घरूनच लॅपटॉपवर सर्व्हर पालथा घातला, प्रत कुठेच नाही. जुन्या बॅकअप टेपवरही नाही. माझा आगाऊपणा, दुसरं काय. लेक आणि मी जागे आहोत तोवर एकमेकांचे आहोत. तिला झोपू द्यायचं नाही, बस.

साडेनऊ
तोंडावर गार पाणी. घरभर फेऱ्या. गाणी संपली — मी बायकोचा हात धरायला गेलो, तिनं काढून घेतला. फार वाईट वाटलं.

आकडा कोसळतोय. शहर झोपतंय —

लेक मला चिमटे काढतेय. म्हणते, बाबा, डोळे उघड. ती जागी आहे, मीच —

शनिवार
सकाळी टेबलावर ही वही सापडली. अक्षर माझंच दिसतं, मजकूर मात्र कुण्या भेदरलेल्या माणसाचा. घरात एक बाई आहेत, सभ्य वाटल्या, त्यांनी चहा विचारला. एक लहान मुलगीही आहे. डोळे लालभडक, रात्रभर झोपलेली दिसत नाही. माझी बाही घट्ट धरून बसली आहे. तिला म्हटलं, रडू नकोस बाळ, तुझ्या माणसांना शोधून काढू. वडील कोण म्हणून विचारलं आणि लिहून घ्यायला पेन उचललं. तिनं माझ्याकडे बोट दाखवलं.