हळद सात वाजता लागल्याबद्दल

पावणे गाव, नवी मुंबई

तीर्थस्वरूप देवजीदादा यांस,

रोहिदासचा नमस्कार. वहिनींचा गुडघा आता कसा आहे? इकडे आम्ही खुशाल आहोत, म्हणजे उपाशी आहोत, पण ते पुढे येईलच. तुम्ही काल रात्रीपासून फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र.

दादा, रुतिकाच्या हळदीचं काम मी शिवतेजवर सोपवलं. (फौजेचं ट्रेनिंग संपवून सुट्टीवर आलेल्या तुमच्या भाच्याला आता कुठलंही काम सांगता येतं. पूर्वी हाच पलंगावरून पाण्यासाठी आईला हाका मारायचा; आता सगळ्यांची ताटं घासतो. पहिल्या दिवशी सगुणा मोरीत जाऊन रडली. मीही थोडा रडलो.) पत्रिकेवर सात छापलं होतं. आपल्यात सात म्हणजे दहानंतर, हे कुणाला सांगावं लागत नाही. पण त्याच्या उस्तादाने, म्हणजे तिथल्या शिकवणाऱ्याने, सात म्हणजे सातच्या पाच मिनिटं आधी, असं अंगात मुरवलंय. सातला मांडवात आम्ही घरचे, डीजेवाला आणि धवल्यांच्या लग्नगाण्यांतून देवांना बोलावणारी शकुबाई. ती म्हणाली, "देवांना घड्याल नसतं रं पोरा." तरी त्याच्या नजरेला भिऊन तिने इथपासून बेलापूरपर्यंतचे देव एका दमात बोलावले. शेजारपाजाऱ्यांना त्याने घराघरांतून उठवून आणलं. नऊला हळद, मटण, भाकऱ्या, सगळं आटोपून खुर्च्यांची चळत लागली. साडेदहाला कडक इस्त्रीत तुम्ही आलात, चळत पाहिलीत आणि स्कूटर वळवून खांदेश्वरला परत गेलात.

मामाशिवाय हळद झाली, तुमचा राग रास्त आहे. पण उद्या रुतिकाला बोहल्यावर तुम्हीच आणायचं. मामा नसेल तर मी जागची उठणार नाही, असं ती सांगून बसली आहे.

शिवतेजला मी रागावलो नाही. त्याने स्वतःलाच शिक्षा केली आहे. उस्तादाची दुसरी शिकवण अशी की, शेवटचा माणूस जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही. "मामा उपाशी गेला, मी कसा जेवू?" एवढंच बोलला आणि चुलीपाशी बसून राहिला. दादा, मला त्याचा फार अभिमान वाटला.

आपला,
रोहिदास

ता. क. पत्र घेऊन तोच येतोय. डब्यात तुमच्या वाटणीचं मटण आहे. तुम्ही जेवेपर्यंत तो दारात सावधान उभा राहील. सोसायटीवाले जमले तर मला बोल लावू नका.

दुसरा ता. क. तो जेवत नाही म्हणून सगुणा जेवत नाही, आणि ती जेवत नाही तोवर मला ताटाला हात लावायची सोय नाही. मानपानाचं उद्या बघू. आधी दोन घास खा.