सात जुने अर्ज

३ फेब्रुवारी, सोमवार
पोचली बापा एकदाची! वलगाव, अमरावती, धारणी, अन् पुढं जीपमधी बारा मानसं अन् दोन कोंबड्या. पंचायतीमागची खोली भेटली, पंखाही चालते. रोजगार हमीवरची कंत्राटी का होईना, नोकरी आहे. आईले सांगितलं, सोळा तारखेले दामिनीच्या साखरपुड्याले मी येनारच. माह्याशिवाय तिले साडी कोन नेसवनार? धाकटी हाये, पदर कुठं जाते हे अजून समजत नाही तिले.

मुकादम पुंजाराम इथल्या कोरकू आदिवासींतले आहेत, साठीचे. ज्या टेकडीवर पानी अडवाचे चर खोदायचे, ते त्यांनी दाखवली. पायथ्याशी सागाचे कोरीव खांब रांगेनं उभे. मानूस गेलं का त्याच्या नावाचा खांब बसवते, गावजेवन देते, तवा ते पितरांत जाते, असं म्हनाले. तोवर वाटेतच असते. बाजूची जागा रिकामी होती.

५ फेब्रुवारी
तालुक्याचे साहेब म्हनाले, वीस मजूर दाखव नाहीतर निधी परत जाईन. गावात तेराच. बाकीचे काम शोधाले अकोल्याकडं गेले. डोकं उठलं माह्यं! मंग पंचायतीच्या कपाटात सात जुने अर्ज भेटले. काम मिळावे, खाली अंगठा. कोनी उत्तरही देल्लं नव्हतं. तेरा अन् सात वीस! चढवली नावं हजेरीपटावर. पुंजारामले विचारायचं राहून गेलं.

७ फेब्रुवारी
कालपासून काम सुरू. हजेरीचा फोटो मोबाइलवर काढा लागते, सकाळी अन् दुपारी. समोर मोजले तं तेरा. फोटोत वीस. दोनदा मोजले. उन्हानं डोळे गेले असंन माहे. पन चर तेराजनांनी खोदल्यापेक्षा लांब आहे.

८ फेब्रुवारी
पुंजारामले फोटो दाखवला. मोबाइल त्यांच्या हातातून पडला. कोपऱ्यातली बाई त्यांची बायको जयवंता, तीन वर्सं झाली जाऊन. सातही तसेच, काम मागता मागता गेले. मजुरीच नाही तं जेवन कुठून देनार, खांब कुठून बसवनार? म्हनून रिकामी जागा.

ते रागावले नाही. एवढंच म्हनाले का काम तू देल्लं बाई, आता हक्काचे शंभर दिवस भरल्याबिगर ते उठत नाही, अन् हजेरी घेनाऱ्याले जागा सोडता येत नाही. मी चिडली. मले सोळाले घरी जायचं आहे!

१० फेब्रुवारी
सातही नावं खोडली. आज भीतीनं कोनी कामावर आलं नाही. रिकाम्या टेकडीचा फोटो काढला. त्यात सात. माह्याकडंच पाहून राहिले होते.
चर कालच्यात अजून वाढला. रविवारचीही सुट्टी घेतली नाही त्यांनी.

१२ फेब्रुवारी
पळाली. जीपनं मधीच ब्रेक मारला. रस्त्यात चर, ताजा, काल नव्हता. ड्रायव्हर उडी मारून पायी गेला. त्याच्यामागं मीही चरात उतरली. पलीकडून चढून वर आली तं समोर — पंचायत. तीनदा केलं. तीनही वेळा पंचायत.

१३ फेब्रुवारी
चर आता खोलीच्या चारी बाजूंनी. पुंजाराम पलीकडून ओरडले का सातही खांबांसाठी सागाचं लाकूड पाहून राहिलो, अकोल्याकडं गेलेली मानसं वापस बोलावली, होळीपर्यंत दम धर.
होळी महिन्यावर आहे. साखरपुडा तीन दिवसांवर. लय रडली.

१४ फेब्रुवारी
कपाटातले अर्ज काढले, फाडून टाकाले. आठ आहेत. आठवा माह्या अक्षरात. काम मिळावे. मी नाही लिहिला, आईची शप्पथ — अंगठ्याले शाई आहे, धुतली तरी —
फोटोतही आठ. शेवटची मी. हातात फावडं.

१५ फेब्रुवारी
उद्या साखरपुडा. फोन लागत नाही.
दहा दिवस झाले. नव्वद —
फावडं दाराशी आणून ठेवलं कोनी. बाहेर रांगेत एक जागा सोडली आहे. जयवंताबाई सरकून उभी —
दामिनी, निऱ्या आधी घाल, मंग पदर डाव्या —