गुलमोहराची तब्येत

१२ जून, सकाळ
चामोर्शीतल्या आमच्या कॉलनीच्या वृक्ष समितीचा अध्यक्ष झालो. एकमताने. दुसरं कोणी उभंच नव्हतं, पण एकमत ते एकमत. रिटायर माणूस काही कामाचा नसतो असं बायकोला, म्हणजे रीताला, वाटतं. आता बघेल.

१५ जून
गेटजवळच्या गुलमोहराच्या बुंध्याला ताटलीएवढी तांबूस बुरशी. कुऱ्हाडीने उडवली, वर चुना-मोरचूदचा लेप. केस खलास. झाडाखाली अन्नपूर्णाबाईंची चहाची टपरी आहे. झाड पडन त नाई ना भाऊ, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, मी आहे ना. बिनधास्त बसा.

२ जुलै
बुरशी परत, तीही डबल. हे चांगलं लक्षण आहे, रोग बाहेर पडतोय. एका बाजूची पानं पिवळी. युरिया टाकला. फॉरेस्टच्या कोण्या माणसाले दाखवा ना, असं रीता म्हणाली. फॉरेस्टवाल्यांना सागवान कळतं. गुलमोहर हा शोभेचा विषय, त्याला वेगळा अभ्यास लागतो. माझे व्हिडिओ पाहणं चालू आहे.

२० जुलै
झाड टपरीकडे झुकल्यासारखं वाटतं. चष्म्याचा नंबर वाढला असावा. तरी आधार म्हणून बुंध्याभोवती सिमेंटचा ओटा बांधून घेतला. दोन जाड मुळं आडवी येत होती, तोडायला लावली. आतून भुसभुशीत निघाली, म्हणजे झाडाला तशीही नकोच होती. अन्नपूर्णाबाई टपरी पलीकडे हलवायला निघाल्या होत्या. मीच थांबवलं. अध्यक्षाच्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?

१० ऑगस्ट
पंधरा ऑगस्टसाठी सगळ्या बुंध्यांना गेरू-चुना. गुलमोहराला दोन हात. बुरशी आता कुठेच दिसत नाही. रोग गेला.

१३ ऑगस्ट
दुपारी गुलमोहर पडला. मुळासकट, ओटा फोडून. अन्नपूर्णाबाई खाली सापडल्या. गडचिरोलीला नेलं.

१७ ऑगस्ट
दवाखान्यात जाऊन आलो. कमरेखाली त्यांना काही कळत नाही. डॉक्टर म्हणाले, आता चालणं नाही. वादळाचं सांगायचं, असं एसटीत पक्कं केलं होतं. त्यांनीच आधी विचारलं, भाऊ, तुमाले त नाई लागलं? मग म्हणाल्या, मी त जाऊनच राह्यली होती, तुमी म्हणलं म्हणून थांबली. रागाने नाही म्हणाल्या. मला तिथे बसवेना. मोसंबी ठेवून निघालो.

घरी आल्यावर रीताला सांगितलं, त्या दिवशी वारा फार होता. ती ताट वाढायला उठली. त्या दुपारी पान हलत नव्हतं.