काजं तिची, कटिंग माझं

४ फेब्रुवारी

अक्षर बघा काय झालंय! कोंबडीने पाय ओढल्यासारखं. तरी लिहिणार. मेंदूत गुठळी झाली म्हणून घरी बसवलंय, लिहायला बंदी नाही घातलेली. उजवा हात शाबूत आहे. डावा मांडीवर पडून असतो, परक्याचा असल्यासारखा. मुलगा म्हणतो, "आई, अर्धं पान कोरं का सोडतेस?" कुठे सोडलं? स्वतःचे डोळे तपासून घे म्हणावं!

५ फेब्रुवारी

जुनं सगळं लख्ख आठवतं. दुकानातल्या पहिल्या गिऱ्हाइकाचं माप विचारा, छाती-कंबर-बाही घडाघडा सांगेन. सकाळी चहा घेतला की नाही, ते मात्र विचारू नका. शब्दही ऐनवेळी दगा देतात. आज कात्रीला "ते दोन पायांचं" म्हणाले. जन्म गेला तिच्यासोबत, आणि नाव आठवेना!

तो दिवस काही पुसला जात नाही. धाकटीने माझ्या मागे पहिल्यांदाच कोट कापायला घेतला होता. दुकान आम्हा दोघी बहिणींचं, पण वाटणी ठरलेली – कटिंग माझं, काजं-बटणं तिची. कापड थोडं वाकडं गेलं. मी गिऱ्हाइकासमोर तिच्या हातातून कात्री हिसकावली. "तू जन्मभर काजंच कर!" म्हटलं. तिने खाली मान घातली. दुपारी मी मशीनवरच कोसळले.

बोटभर वाकडं गेलं होतं. बोटभरच! सावरता आलं असतं.

८ फेब्रुवारी

आज गंमतच झाली. जेवता जेवता ओरडले, मला काय अर्धपोटी ठेवता? मुलाने ताट फिरवलं – आणि भाजी आली! भात आला! "जादू शिकलास की काय?" विचारलं. तो हसला नाही. म्हणाला, "आई, ते डावीकडेच होतं."

११ फेब्रुवारी

व्यायामाच्या बाई म्हणाल्या, शर्टाचं चित्र काढून दाखवा. मला! म्हणजे सुगरणीला पाणी उकळायला सांगण्यासारखं. खडूने पाटीवर झटक्यात काढलं. कॉलर, खांदा, बाही, खिसा.

"आणि दुसरी बाही?"

"आहे की!"

बाईंनी पाटीवर बोट ठेवलं. मग तेच पालुपद – डावीकडे बघा, डावीकडे बघा. बघितलं, बाई! भिंत आहे.

१३ फेब्रुवारी

धाकटी अजून आलेली नाही. मुलगा म्हणतो, "मावशी रोज येते गं." आत्ताच होती, म्हणतो. मग मला कशी दिसली नाही? एक तर हा माझी समजूत काढतोय, नाहीतर ती येते आणि मी विसरते. पाठची बहीण विसरायची म्हणजे उरलं काय?

पण आवाज येतो तिचा. उजवीकडून, स्वयंपाकघरातून. "ताई, इकडे बघ ना," म्हणते. कुठे बघू, स्वयंपाकघराच्या भिंतीत? बाहेर यायचं काही नाव नाही. रुसली आहे. रुसेलच, माझी जीभच तशी. समोर आली की पहिलं वाक्य ठरवून ठेवलंय – घे कात्री. पण समोर तर ये!

१४ फेब्रुवारी

डावा हात आज जरा उबदार वाटला. बाई म्हणाल्या, चांगलं लक्षण.

१६ फेब्रुवारी

आज माझा तोल गेला. दिवसभर तिचा आवाज, आणि ती नाही! तिला ऐकू जावं म्हणून मुलाला मुद्दाम मोठ्याने सांगितलं, "तिला म्हणावं, तुझं मशीन दुकानातून घेऊन जा. दुखण्यात तोंड न दाखवणारी बहीण मला नको."

मुलगा पांढराफटक. "आई, अगं मावशी... तू डावीकडे बघ आधी!"

"पुन्हा डावीकडे! ऐकू दे तिला!"

मला वाटलं होतं, बोलून टाकल्यावर बरं वाटेल. नाही वाटलं. ठरवून ठेवलेलं वाक्य राहिलंच, आणि जे सुटलं ते हे.

१७ फेब्रुवारी

डावा हात गार पडलाय. आवाजही नाही.

१८ फेब्रुवारी

बाईंनी आज, ताट फिरवावं तशी, माझी खुर्चीच फिरवली. मी म्हणत होते तिथे भिंत नव्हतीच. दार होतं. आणि माझ्या खुर्चीला अगदी लागून एक स्टूल. त्यावर कोट. अर्धी काजं झालेली, सुई तशीच टोचलेली.

"मावशीचं आहे," मुलगा म्हणाला. "डावीकडे बसा, म्हणजे त्या वळतील, असं बाईंनीच सांगितलं होतं तिला. रोज इथेच बसायची, हाकाही इथूनच मारायची – बाई म्हणतात, डावीकडचं तुला उजवीकडून ऐकू येतं. काजं करायची, मधूनच तुझा हात चोळायची."

"परवाही?"

त्याने मान डोलावली.

"आणि मशीन?"

"काल घेऊन गेली."